उपग्रह सर्वेक्षणातील अँटेनाची उंची

उपग्रह सर्वेक्षणातील अँटेनाची उंची म्हणजे जमिनीवरील सर्वेक्षण खुणेपासून तिच्यावर उभारलेल्या अँटेनाच्या ठरलेल्या संदर्भबिंदूपर्यंतचे उभे अंतर होय. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बेईदू आणि भारताची नाविक या उपग्रह प्रणालींचे संकेत घेऊन ग्राहकयंत्र जे स्थान ठरवते ते अँटेनाचे असते. सर्वेक्षकाला मात्र तिच्याखालील खुणेचे स्थान हवे असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे अँटेनाची उंची. ज्या स्थिर ठिकाणावरून परिसरातील इतर सर्व बिंदू मोजले जातात, त्या आधारस्थानकावर (बेस) हा दुवा विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथील चूक त्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक बिंदूच्या उंचीत तितकीच उतरते.

उपग्रह सर्वेक्षणात बहुतेक मोजमापे यंत्र आपोआप करते. अँटेनाची उंची मात्र बहुधा माणूस फितीने मोजतो आणि हाताने नोंदवतो. ही नोंद चुकली तरी उपग्रहांच्या निरीक्षणांत त्याचे कोणतेही चिन्ह दिसत नाही. त्यामुळे ही उंची स्वतंत्रपणे तपासण्याच्या पद्धती रूढ झाल्या आहेत.

पार्श्वभूमी

अचूक उपग्रह सर्वेक्षणात रेडिओ तरंगाच्या कलेचे मोजमाप केले जाते. तरंगाच्या आवर्तनातील एखाद्या क्षणीच्या अवस्थेला भौतिकशास्त्रात कला म्हणतात. जीपीएसच्या एल-१ संकेताची वारंवारता १५७५.४२ मेगाहर्ट्झ असून त्याची तरंगलांबी सुमारे १९ सेंमी. आहे, एल-२ संकेताची वारंवारता १२२७.६० मेगाहर्ट्झ आणि तरंगलांबी सुमारे २४.४ सेंमी. आहे. तरंगलांबीच्या शंभराव्या भागाइतकी कला मोजता येत असल्याने अंतराचे मोजमाप काही मिलिमीटरपर्यंत अचूक होते. मात्र अँटेनाची उंची एका सेंटीमीटरने चुकली, तर ही सारी अचूकता निष्फळ ठरते.

उपग्रह सर्वेक्षणात उंची ही आडव्या स्थानापेक्षा मुळातच कमी अचूक असते. उपग्रह सर्व दिशांना दिसत असले तरी ते क्षितिजाच्या वरच असतात. पृथ्वीच्या आड गेलेल्या उपग्रहांचे संकेत मिळत नाहीत. त्यामुळे आडव्या दिशेतील चुका काही प्रमाणात एकमेकींना छेद देतात, तसे उभ्या दिशेत घडत नाही. वातावरणातील विलंबाची चूकही मुख्यतः उंचीतच मिसळते. अँटेनाच्या उंचीतील चूक याच दुबळ्या बाजूत भर घालते.

संज्ञा

अँटेनाच्या उंचीचा विचार करताना तीन बिंदू वेगळे ओळखावे लागतात.

सर्वेक्षण खूण: जमिनीत, खडकात किंवा काँक्रीटच्या स्तंभात बसवलेली धातूची चकती अथवा सळई. चकतीच्या मध्यभागी बहुधा एक लहान खळगा असतो. उंची खळग्याच्या तळापासून मोजायची की चकतीच्या पृष्ठभागापासून, हे खुणेच्या वर्णनात नमूद असणे आवश्यक असते. हा फरक एक-दोन मिलिमीटरचा असू शकतो.

अँटेना संदर्भबिंदू: अँटेनाच्या बाह्य रचनेवरील ठरलेला, प्रत्यक्ष स्पर्श करता येण्याजोगा बिंदू. बहुतेक अँटेनांच्या बाबतीत तो तळाशी, जेथे अँटेना आट्यांवर बसते त्या पृष्ठाच्या मध्यभागी मानला जातो. आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीत अँटेनाची उंची या बिंदूपर्यंतच दिली जाते.

कला-केंद्र: ज्या बिंदूवर संकेत प्रत्यक्ष ग्रहण केला जातो असे गणितात मानतात तो बिंदू. तो अँटेनाच्या आत असतो, डोळ्यांना दिसत नाही आणि प्रत्येक वारंवारतेसाठी वेगळा असतो. शिवाय उपग्रह आकाशात किती उंचीवर व कोणत्या दिशेला आहे त्यानुसार तो किंचित सरकतो.

खूण ते संदर्भबिंदू हे अंतर सर्वेक्षक मोजतो. संदर्भबिंदू ते कला-केंद्र हे अंतर त्या प्रकारच्या अँटेनाच्या तपासणीतून आधीच ठरलेले असते व संगणकीय प्रणाली ते तक्त्यातून घेते. ही विभागणी न पाळल्यास एकच दुरुस्ती दोनदा लागू होण्याचा किंवा मुळीच लागू न होण्याचा संभव असतो.

मोजण्याच्या पद्धती

उभी उंची

तिपाईवर ट्रायब्रॅच बसवून पाणसळीच्या साहाय्याने तो समतल केला जातो आणि ओळंबा किंवा प्रकाशीय ओळंबा वापरून अँटेना खुणेच्या बरोबर वर आणली जाते. खुणेपासून संदर्भबिंदूपर्यंत थेट फीत धरणे तिपाईच्या माथ्यामुळे बहुधा शक्य नसते. म्हणून काही संचांत ट्रायब्रॅचला अडकवण्याचा हूक असतो; त्यातून सोडलेल्या फितीच्या वाचनात हुकापासून संदर्भबिंदूपर्यंतचे ठरलेले अंतर मिळवले जाते. हे अंतर हूक, ट्रायब्रॅच व जोडभाग यांच्या विशिष्ट जोडणीपुरतेच लागू असते. एका संचाचा हूक दुसऱ्या संचावर वापरल्यास उंची चुकते.

तिरकी उंची

अनेक अँटेनांच्या कडेवर मोजणीसाठी खाच किंवा रेषा असते. खुणेपासून या कडेपर्यंतचे अंतर तिरके असल्याने ते काटकोन त्रिकोणाच्या नियमाने उभ्या अंतरात बदलावे लागते: तिरक्या अंतराच्या वर्गातून अँटेनाच्या त्रिज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढले की खुणेपासून मोजणीच्या कडेच्या पातळीपर्यंतची उभी उंची मिळते. कड संदर्भबिंदूच्या जितकी वर असेल तितके अंतर त्यातून वजा केले जाते.

उदाहरणार्थ, तिरके अंतर १.५०० मी., त्रिज्या ०.१५० मी. आणि मोजणीची कड संदर्भबिंदूच्या ०.०४० मी. वर आहे असे मानू. उभे अंतर १.४९२ मी. येते आणि संदर्भबिंदूची उंची १.४५२ मी. ठरते. तिरके अंतर उभे समजून नोंदवले, तर केवळ त्यामुळे साडेसात मिलिमीटरची चूक होते. कड व संदर्भबिंदू यांतील फरकही विसरला, तर चूक ४८ मिमी. होते. सुमारे ३८ सेंमी. व्यासाच्या, समकेंद्री कड्यांच्या मोठ्या अँटेनांत तिरके व उभे अंतर यांतील फरक याच उंचीवर सुमारे १२ मिमी. असतो. तिपाई जितकी बुटकी तितका हा फरक वाढतो.

तिरकी उंची एकाच बाजूने न घेता अँटेनाच्या परिघावर साधारण १२० अंशांच्या अंतराने तीन ठिकाणी घेण्याचा प्रघात आहे. तिन्ही वाचने दोन-तीन मिलिमीटरच्या आत जुळली तर त्यांची सरासरी घेतात. त्याहून अधिक फरक आढळल्यास अँटेना समतल नाही, ती खुणेच्या मध्यावर नाही किंवा फीत तिपाईच्या पायाला अडून वाकली आहे, असे समजून उभारणी पुन्हा तपासली जाते.

ठरावीक उंचीची तिपाई

ज्या तिपाईचा मधला दांडा कारखान्यातच ठरावीक लांबीचा, बहुधा २ मी. किंवा १.५ मी., बनवलेला असतो, तिच्यावर अँटेनाची उंची मोजण्याची गरज उरत नाही. दांड्याचे टोक खुणेच्या खळग्यात टेकते आणि बाजूचे पाय केवळ त्याला उभा धरतात. अमेरिकेच्या नॅशनल जिओडेटिक सर्व्हे या संस्थेने उपग्रहांच्या साहाय्याने २ व ५ सेंमी. अचूकतेच्या उंची ठरवण्यासाठी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा तिपाईला प्राधान्य दिले आहे. हाताने वाचन घेणे आणि ते लिहिणे या दोन्ही पायऱ्या तिच्यामुळे टळतात.

या तिपाईची पाणसळ मात्र वेळोवेळी तपासावी लागते. दोन मीटरचा दांडा १० कलांनी (अंशाच्या सहाव्या भागाने) कलला, तर अँटेना आडव्या दिशेत सुमारे ६ मिमी. सरकते, उंचीत पडणारा फरक मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. म्हणजे सदोष पाणसळीचा फटका मुख्यतः आडव्या स्थानाला बसतो. टोक झिजले किंवा त्याचे आटे पूर्ण बसले नाहीत, तर उंचीही बदलते.

स्तंभावरील कायमची अँटेना

अखंड कार्यरत संदर्भस्थानकांवर, म्हणजे कॉर्सवर, अँटेना काँक्रीटच्या स्तंभावर किंवा पोलादी चौकटीवर कायमची बसवलेली असते. तेथे खूण आणि संदर्भबिंदू एकच मानून उंची शून्य धरतात किंवा आधारपट्टीची ठरलेली जाडी नोंदवतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील स्थानकजाळ्यासाठी तयार झालेल्या एका प्रचलित आधारपट्टीसाठी ही उंची ०.००८३ मी. आहे. आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या निकषांनुसार खूण व संदर्भबिंदू यांतील अंतर १ मिमी. पर्यंत अचूक मोजून नोंदवणे बंधनकारक आहे.

कला-केंद्राची दुरुस्ती

प्रत्येक प्रकारच्या अँटेनासाठी संदर्भबिंदूपासून कला-केंद्राचे सरासरी अंतर आणि उपग्रहाच्या दिशेनुसार होणारे त्याचे बदल तपासणीने ठरवले जातात. जर्मनीत विकसित झालेल्या पद्धतीत यंत्रमानव अँटेना निरनिराळ्या कोनांत वळवतो आणि उपग्रहांच्या प्रत्यक्ष संकेतांवरून हे बदल ठरवले जातात. काही प्रयोगशाळांत प्रतिध्वनीरहित कक्षात कृत्रिम संकेत वापरून तपासणी होते. हे निष्कर्ष अँटेक्स नावाच्या संगणकीय स्वरूपात प्रसिद्ध होतात.

पूर्वी सर्व अँटेनांची तपासणी एका ठरावीक अँटेनाशी तुलना करून होत असे आणि त्या अँटेनाचे स्वतःचे दिशानुसार बदल शून्य मानले जात. नोव्हेंबर २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेने ही सापेक्ष पद्धत सोडून निरपेक्ष मूल्ये स्वीकारली आणि त्याच वेळी उपग्रहांवरील अँटेनांच्या दुरुस्त्याही त्यांत समाविष्ट केल्या. सापेक्ष व निरपेक्ष मूल्ये एकाच गणितात मिसळल्यास उंचीत सेंटीमीटरच्या पातळीवर चुका येतात.

दोन वारंवारता एकत्र करून आयनांबराचा परिणाम काढून टाकताना कला-केंद्राचे महत्त्व अधिक वाढते. या गणितात एल-१ च्या मूल्याला सुमारे २.५४६ ने गुणून त्यातून एल-२ च्या मूल्याची सुमारे १.५४६ पट वजा केली जाते. समजा एल-१ चे कला-केंद्र संदर्भबिंदूच्या ९० मिमी. वर आणि एल-२ चे १२० मिमी. वर आहे. एकत्रित संकेताचे कला-केंद्र या दोहोंच्या मध्ये पडेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते सुमारे ४४ मिमी. वर, म्हणजे दोहोंच्याही खाली येते. त्यामुळे अँटेनाचा प्रकार चुकीचा निवडल्यास केवळ दोन तक्त्यांतील फरकाइतकी नव्हे, तर त्याच्या कित्येक पट चूक होऊ शकते. नॅशनल जिओडेटिक सर्व्हेच्या ओपस या गणनसेवेत वापरकर्त्याला अँटेनाचा प्रकार आणि संदर्भबिंदूपर्यंतची उभी उंची द्यावी लागते; चुकीचा प्रकार दिल्यास उंचीत १० सेंमी. पर्यंत फरक पडू शकतो.

अँटेनावरील संरक्षक घुमटाचाही संकेतावर परिणाम होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय नामपद्धतीत अँटेना व घुमट यांचा मिळून २० अक्षरी संकेत ठरवला असून घुमट नसल्यास तसे नमूद केले जाते. तपासणीतील दिशानुसार मूल्ये लागू व्हावीत यासाठी अँटेनावरील ठरलेली खूण उत्तरेकडे वळवून ठेवतात.

चुकीचा परिणाम

आधारस्थानकावरील अँटेनाच्या उंचीतील चुकीची दिशा, आधाराचे स्थान कसे ठरवले यावर अवलंबून असते.

समजा अँटेनाची खरी उंची १.५४ मी. असून अंकांची अदलाबदल होऊन ती १.४५ मी. अशी नोंदवली गेली. खुणेची उंची आधीच ज्ञात असेल, तर प्रणाली अँटेना प्रत्यक्षापेक्षा ९ सेंमी. खाली आहे असे मानते आणि फिरत्या ग्राहकाने (रोव्हर) मोजलेले सर्व बिंदू ९ सेंमी. खाली येतात. याउलट खुणेची उंची त्याच उभारणीतील निरीक्षणांवरून नव्याने काढायची असेल, तर अँटेनाच्या योग्य स्थानातून कमी अंतर वजा होते आणि खूण ९ सेंमी. वर दिसते.

दुसऱ्या प्रकारात एक फसवी गोष्ट घडते. खुणेचे चुकीचे स्थान आणि चुकीची अँटेना-उंची एकत्र वापरल्यास दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतात व त्या दिवशीचे रोव्हरचे बिंदू अचूक येतात. खुणेचे चुकीचे मूल्य मात्र नोंदीत राहते. पुढे कोणी त्याच खुणेवर तिपाई उभारून उंची बरोबर मोजली, की त्याचे सर्व बिंदू ९ सेंमी. वर येतात आणि दोष नव्या मोजणीत असल्याचा भास होतो.

अशा चुकीचे परिणाम प्रत्यक्ष बांधकामात दिसतात. १ : १०,००० उताराच्या कालव्यात १०० मीटर लांबीत तळ केवळ एक सेंटीमीटर उतरतो. दोन वेगवेगळ्या उभारणींतून मोजलेल्या भागांच्या सांध्यावर ९ सेंमी.चा फरक पडला, तर तो ९०० मीटर लांबीच्या संपूर्ण उताराइतका होतो. पूररेषा आखणे, मलवाहिन्यांचे उतार ठरवणे आणि धरण किंवा जमिनीची हालचाल वर्षानुवर्षे मोजणे या कामांतही हाच धोका असतो.

चूक लपून राहण्याची कारणे

उपग्रह निरीक्षणांची गुणवत्ता दर्शवणारे आकडे अँटेनाच्या स्थानाविषयी असतात. अँटेनाखाली खूण किती अंतरावर आहे याची माहिती त्यांत नसते. त्यामुळे गणिताची अंदाजित अचूकता एक सेंटीमीटर दिसत असतानाही खुणेची उंची दहा सेंटीमीटरने चुकलेली असू शकते.

एकाच वेळी अनेक स्थानकांवर घेतलेल्या निरीक्षणांतून मिळणाऱ्या सदिशांची बंद साखळी तपासणे ही सर्वेक्षणातील नेहमीची कसोटी होय. परंतु एका स्थानकाची उंची चुकली असेल, तर तेथे येणाऱ्या आणि तेथून निघणाऱ्या सदिशांत तीच चूक उलट चिन्हांनी येते व साखळी बिनचूक बंद होते. ही चूक उघड होण्यासाठी त्याच खुणेवर पुन्हा, वेगळ्या उंचीवर तिपाई उभारून निरीक्षण घ्यावे लागते किंवा ज्ञात उंचीच्या दुसऱ्या बिंदूशी तुलना करावी लागते.

कामाच्या परिसरातील ज्ञात उंचीच्या खुणांवर रोव्हर नेऊन सर्व उंची एकसमान सरकवून घेण्याची पद्धत प्रचलित आहे. तीत आधारावरील अँटेनाची चूक त्या सरकवण्यात सामावून जाते. आधार जागेवरून हलेपर्यंत निष्कर्ष योग्य राहतात. नव्या उभारणीत तोच सरकवण्याचा आकडा वापरल्यास चूक पुन्हा प्रकट होते.

पडताळणी व नोंदी

प्रचलित कार्यपद्धतींत पुढील बाबींचा समावेश होतो.

१. उंची निरीक्षणाच्या आरंभी आणि शेवटी, दोन्ही वेळा मोजणे. मऊ जमिनीत तिपाईचे पाय खचल्यास दोन वाचनांतील फरकावरून ते कळते.

२. उंची मीटर आणि इंच अशा दोन्ही एककांत स्वतंत्रपणे वाचणे. १.५०० मी. म्हणजे ५९.०६ इंच, दोन्ही वाचने परस्परांशी न जुळल्यास वाचनातील चूक जागीच सापडते. एका एककातील आकड्याला गुणून दुसरा लिहिणे ही पडताळणी ठरत नाही.

३. शक्य असल्यास दोन व्यक्तींनी वेगवेगळे वाचन घेणे.

४. मोजलेले वाचन जसेच्या तसे लिहिणे आणि त्यासोबत उंची उभी आहे की तिरकी, ती अँटेनाच्या कोणत्या भागापर्यंत आहे, अँटेनाचा प्रकार व अनुक्रमांक काय आहे हे नमूद करणे. केवळ अंतिम आकडा लिहिल्यास पुढे चुकीचा शोध घेता येत नाही.

५. फील्ड बुकात साध्या आकृतीने मोजणीचा मार्ग दाखवणे आणि उभारणीची छायाचित्रे ठेवणे.

६. आधार सुरू होताच जवळच्या ज्ञात उंचीच्या खुणेवर रोव्हरने पडताळणी करणे. रोव्हरच्या काठीची लांबी यंत्रात योग्य भरली आहे की नाही, हेही याच वेळी कळते.

निरीक्षणांची देवाणघेवाण करण्यासाठी रायनेक्स हे स्वरूप वापरतात. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या खगोलशास्त्र संस्थेत १९८९ मध्ये ते विकसित झाले. त्याच्या शीर्षभागात खुणेपासून संदर्भबिंदूपर्यंतची उभी उंची आणि पूर्व व उत्तर दिशांतील अंतरे नोंदवण्याची जागा असते. प्रत्यक्ष वेळेत दुरुस्त्या पाठवण्याच्या आरटीसीएम प्रमाणकात १००५ क्रमांकाच्या संदेशात आधाराच्या संदर्भबिंदूचे स्थान असते. १००६ क्रमांकाच्या संदेशात त्यासोबत अँटेनाची उंचीही असते. अँटेनाचा प्रकार १००७, १००८ व १०३३ या संदेशांतून कळवला जातो.

भारतातील वापर

भारतात राष्ट्रीय नकाशे व भूगणितीय जाळ्याची जबाबदारी १७६७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाकडे असून त्याचे मुख्यालय देहरादून येथे आहे. विभागाने देशभर कॉर्स स्थानकांचे जाळे उभारले असून महाराष्ट्र, कर्नाटक व उत्तर प्रदेश ही त्यातील आरंभीची राज्ये होती. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था येथील स्थानके आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेत सहभागी आहेत. अशा स्थानकांच्या नोंदपत्रात प्रत्येक अँटेना कधी बसवली, कधी बदलली आणि तिची उंची किती होती याचा इतिहास असतो. अँटेना बदलल्याची नोंद राहून गेल्यास स्थानकाच्या उंचीत अचानक उडी दिसते व ती जमिनीची हालचाल समजली जाण्याचा संभव असतो.

२४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांतील मालमत्तांचे नकाशे ड्रोनच्या साहाय्याने तयार केले जातात आणि त्यासाठी कॉर्स जाळ्याचा उपयोग होतो. महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागातही जमीन मोजणीसाठी रोव्हर वापरले जातात. कॉर्सच्या दुरुस्त्या वापरणाऱ्या मोजणीदाराला आधारस्थानक उभारावे लागत नाही व त्यावरील अँटेनाची उंचीही मोजावी लागत नाही. तरीही रोव्हरच्या काठीची उंची त्यालाच भरावी लागते; काठी १.८ मी. वर असताना यंत्रात २ मी. राहिल्यास प्रत्येक बिंदू २० सेंमी. खाली येतो.

दख्खनच्या पठारावरील काळी माती ओल्याने फुगते आणि वाळल्यावर आकसते. अशा मातीत उथळ पुरलेली खूण ऋतूनुसार वर-खाली होऊ शकते, त्यामुळे आधारासाठी पक्क्या खडकातील खूण किंवा खोल पायाचा स्तंभ पसंत केला जातो. तिपाईही अशा जमिनीवर निरीक्षणादरम्यान खचण्याची शक्यता असते.

उपग्रहांवरून मिळणारी उंची इलिप्सॉइड या पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, तर पाणी कोणत्या दिशेने वाहील हे समुद्रसपाटीशी निगडित जिऑइड पृष्ठापासूनच्या उंचीवर अवलंबून असते. भारतीय भूभागात जिऑइड इलिप्सॉइडच्या कित्येक मीटर खाली असून हा फरक ठिकाणागणिक बदलतो. त्यामुळे उपग्रहीय उंचीची बेंचमार्कशी तुलना करताना जिऑइडची दुरुस्ती आधी लावावी लागते. ही दुरुस्ती लावल्यानंतर दोहोंत उरणारा फरक अँटेनाच्या उंचीतील चुकीचाही असू शकतो, आणि जिऑइडच्या नमुन्याला दोष देण्यापूर्वी उभारणीच्या नोंदी तपासल्या जातात.

हेही पहा

भूगणित
लेव्हलिंग
जिऑइड
नाविक
भारतीय सर्वेक्षण विभाग